अक्कांच्या स्कूटरची मागची सीट

जळगावात आजवर जेवढे डॉक्टर घडले, ते प्राध्यापकांनी नव्हे, आमच्या वॉर्डाच्या सिस्टर अक्कांनी घडवले, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या सरांनाही त्या 'भाऊ' म्हणत आणि भर राउंडमध्ये त्यांच्या तळहातावर शेंगदाण्याची चटणी ठेवून 'तिखट झाली का सांगा' म्हणत. स्कूटर चालवताना त्यांचा ब्रेकपेक्षा हॉर्नवर भरवसा जास्त. कोणी इंटर्न चादरींच्या खोलीत रडताना सापडला, की म्हणत, "रड बाबा पोटभर, पण स्टेथोस्कोप बाहेर ठेव. सरकारी नसला तरी भिजवू नये."

त्या खोलीत मीही सापडलो. माझ्या पहिल्याच महिन्यात पिंप्राळ्याचे एक आबा हार्ट अटॅकनं गेले. शेवटच्या घटकेला जवळ मीच होतो. माझं काही चुकलं नव्हतं, सरांनी सगळे कागद तपासून तसं सांगितलंही. पण मन मानेल तर ना! डॉक्टरकी सोडायची आणि शिंदखेड्याला वडिलांच्या दुकानात बसायचं, हे मी ठरवूनच टाकलं. बॅगही भरली. आणि दहाव्या दिवशी अक्का होस्टेलच्या दारात हजर. "चाल, बस मागे. आबांच्या घरी बसायला जायचं."

"अक्का, मार खाईन मी!"

"खा. पट्ट्या बांधायला मी आहे ना."

त्या घरात मी अक्कांच्या पाठीमागे लपतच शिरलो. आबांच्या बायकोनं, आजींनी, माझा हात धरला आणि एवढंच विचारलं, "तू व्हता ना त्यासना जोडे? शेवटले काय बोलनात त्या?" आबांजवळ मीच होतो ना, शेवटी ते काय बोलले, असं.

आली का पंचाईत! आबा बोलले होते ते भलतंच, आणि मला तर खोटंही सुचेना. "वॉर्डातला चहा पिऊन म्हणाले, 'हाऊ चहा शे का गरम पाणी?'"

आजी खुदकन हसल्या. "त्याच त्या! पन्नास वरीस मना चहाले बी असंच म्हनेत!" बसलेले सगळे हसता हसता रडू लागले, मीही. छातीवरचा धोंडा उतरला. आजींनी चहा टाकला, भरपूर साखरेचा.

परतताना मी म्हटलं, "अक्का, उद्या ड्यूटीवर येतो."

अक्कांनी हॉर्न न वाजवता स्कूटर कडेला घेतली. मग म्हणाल्या, "माझ्यासमोर गेलेली पहिली पेशंट जामनेरची होती. तिच्या घरी मला कोणी नेलं नाही, आणि एकटीनं जायची हिंमत झाली नाही. अजून जामनेरच्या लग्नाची पत्रिका आली, की मी काहीतरी निमित्त काढून टाळते."

"रविवारी जाऊ ना अक्का. मी येतो सोबत."

"तिची आठवण काढणारं कोण उरलं असेल रे तिथं आता?" अक्का म्हणाल्या.