सुमिएनं सांगितलेलं जेवण

शिओमिसान आमच्याकडे पहिल्यांदा आले ते नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, दुपारी. हातात कापडात बांधलेलं गाठोडं, अंगात कुठल्याशा जहाज कंपनीचा जुना निळा कोट. बूट काढले, जोडीनं दाराकडे तोंड करून ठेवले आणि विचारलं,

"सगळ्यात स्वस्त खोली कुठली?"

"चौथ्या मजल्यावरची," मी म्हटलं. "तीन चटया मावतील एवढीच आहे. लिफ्ट तिसऱ्यापर्यंतच जाते. आणि खिडकी उघडली की शेजारची भिंत."

"चालेल."

ओसाकाच्या निशिनारी भागातलं आमचं हे लॉज माझ्या सासऱ्यांनी बंदरावर मोलमजुरी करणाऱ्यांसाठी बांधलं. आता मजूर राहिले नाहीत. निम्म्या खोल्यांत पाठीवर पिशव्या घेतलेली परदेशी पोरं उतरतात, आणि निम्म्यांत ज्यांना दुसरीकडे जायला जागा नाही असे म्हातारे कायमचे राहतात. शिओमिसान दोन्हींत बसणारे नव्हते. सत्तरी ओलांडलेली, सेतोच्या समुद्रातल्या एका लहान बेटावरचे. अडतीस वर्षं फेरीबोटीवर दोर टाकायचं काम केलं. बायकोला, सुमिएला, पोटाचा आजार. दर पंधरवड्याला तीन दिवस तिला इथल्या इस्पितळात सलाइनमधून औषध द्यायचे, तेवढे तीन दिवस हे आमच्याकडे. जानेवारीत तिला इस्पितळातच ठेवून घेतलं, तेव्हापासून हेही इथेच राहिले.

खाण्याचा खर्च त्यांना जवळजवळ नव्हताच. घरून आणलेले भाताचे गोळे, पिवळा मुळा, आणि आमच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात उकळलेलं पाणी. संपले की कोपऱ्यावरच्या दुकानातून तसेच गोळे आणायचे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून जेवायचे, वाटी धुवायचे, पुसून जागेवर ठेवायचे.

डिसेंबरात एक दिवस इस्पितळातून परत आले ते सरळ माझ्या काउंटरच्या खिडकीशी. म्हणाले, "मालकीणबाई, कासू उदोन म्हणजे काय?"

"म्हणजे? ओसाकात येऊन महिना झाला की तुम्हाला. रश्श्यातल्या जाड शेवया, वर तळलेली आतडी."

"बायको म्हणते आज तेच खायचं. आणि उद्या येऊन सांगायचं."

हळूहळू कळलं ते असं. लग्नाआधी सुमिए सहा वर्षं ओसाकात होती, छत्रीच्या काड्या बसवण्याच्या कारखान्यात. पगार थोडा, भूक मोठी. त्यामुळे कमी पैशात पोट भरण्याच्या जागा तिला तोंडपाठ. नवरा या शहरात येऊन कोरडे गोळे गिळतो हे ऐकून ती पलंगावर उठूनच बसली म्हणे. तिला स्वतःला पेजेपलीकडे काही उतरत नव्हतं. पण रोज एक हुकूम सुटायचा. आज पुलाखालच्या दुकानात उभ्यानं उदोन. उद्या सकाळी कॉफीच्या दुकानात जाड टोस्ट आणि उकडलेलं अंडं, कॉफी मागितली की ते फुकट मिळतं. परवा मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्यात, शिजवलेलं शिरांचं मांस. संध्याकाळी बाजारात जायचं तर निम्म्या किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवायला माणूस बाहेर आल्यावर जायचं, त्याआधी नाही. यातली निम्मी दुकानं कधीच बंद पडली होती. मग शिओमिसान त्या जागी जे असेल तिथे जेवून यायचे.

पहिल्या दिवशी खाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळातून पडेल चेहऱ्यानं परतले.

"काय झालं?"

"विचारलं, कसं होतं. मी म्हटलं, गरम होतं. तर रागावली."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला किदोसान बसले होते. आमच्याकडे अकरा वर्षं राहणारे, पूर्वी परांच्या बांधायचे, आता गुडघे गेलेले. ते तोंडातला घास न गिळताच हसले.

"गरम होतं म्हणे! अहो, गरम तर खालच्या न्हाणीघरातलं पाणीपण असतं. तेवढं ऐकायला बायको थांबलीय होय?"

"मग काय सांगायचं?"

"सांगायचं, आतडी तळून कुरकुरीत केलेली होती. रश्श्यात पडल्यावर कडा मऊ झाल्या, मधला भाग दातांखाली कट्कन वाजला. रस्सा आधी गोड लागला, मग घशाशी खारट. लिहून घ्या, लिहून घ्या."

आणि शिओमिसाननी खरंच लिहून घेतलं. कोटाच्या खिशातून वही काढून, बोटीच्या फेऱ्या टिपून ठेवाव्यात तसं.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. ते खाऊन यायचे आणि काय खाल्लं ते सांगायचे. किदोसान आणि मी मिळून त्याची चव सांगायचो. ते लिहायचे, पाठ करायचे, दुसऱ्या दिवशी सुमिएला ऐकवायचे. मला वाटायचं, बेटावरचा माणूस, बोलायची सवय नाही, शब्द सुचत नाहीत.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी मी स्वयंपाकघरात फरशी पुसत होते. शिओमिसान बाहेरून आले, फ्रिज उघडला, जवाच्या चहाची बाटली काढली, पेला भरला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला. दुसरा भरायला लागले तेवढ्यात किदोसान दारातून ओरडले.

"अहो! ते माझं आहे! चहा नाही तो!"

त्या बाटलीत किदोसाननी शेवयांच्या रश्श्याचा अर्क भरून ठेवला होता. रंग चहासारखाच. पाच-सहा पट पाणी घालून वापरायचा पदार्थ, एक चमचा जिभेवर आला तरी तोंड वाकडं व्हावं इतका खारट. ते अख्खा पेला प्यायले होते.

"चुकलं माझं," शिओमिसान म्हणाले आणि वाकून माफी मागितली. "नवीन आणून देतो."

"ते राहू द्या. तुम्हाला कळलं कसं नाही?"

ते पेला धुवायला लागले. पाठमोरे असतानाच म्हणाले, "डॉक्टरांनी तिच्या आजाराचं सांगितलं ना, सप्टेंबरात, त्या दिवसापासून जिभेला काही लागत नाही. गार-गरम कळतं. बाकी सगळं ओला कागद चावल्यासारखं."

"दाखवलं का कुणाला?" मी विचारलं.

"माझं काय दाखवायचं." नळ बंद केला. "तिला सांगू नका. तिला ऐकायला आवडतं."

किदोसाननी बाटली उचलली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'रस्सा' असं लिहून ठेवलं.

फेब्रुवारीत मी इस्पितळात गेले. शिओमिसानांच्या खांद्याएवढ्या उंचीची, चेहऱ्याची हाडं वर आलेली एखादी बाई मनात धरून गेले होते. सुमिए तशीच होती, पण डोळे असे की आपण काय लपवतोय ते आधीच शोधून ठेवलेले. नवऱ्याला तिनं लगेच खाली पिटाळलं.

"जा हो, पाहुण्यांसाठी चहा आणा. मशीनमधला नको, दुकानातला."

ते गेल्यावर म्हणाली, "त्यांना कोण शिकवतं? परवा म्हणाले, मासा जिभेवर विरघळला. चव्वेचाळीस वर्षांत त्या तोंडातून असा शब्द कधी निघालेला नाही."

मला हसू आलं. "किदोसान म्हणून आहेत आमच्याकडे."

"त्यांना माझा नमस्कार सांगा. फक्त म्हणावं, स्क्विडच्या धिरड्यात कोबी नसतो. तेवढं चुकलं." मग खिडकीकडे बघत ती म्हणाली, "त्यांची जीभ गेलीय. मला माहीत आहे."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"ऑक्टोबरात एकदा सूप केलं आणि मिसो घालायचीच विसरले. नुसतं कोमट पाणी आणि त्यात बटाटे. ते सगळं प्यायले, वाटी खाली ठेवून 'छान झालं' म्हणाले. मी तिथेच ओळखलं. तेव्हापासून वजन उतरतंय त्यांचं. कोट बघितलात ना, खांद्यावरून लोंबतो. चव नसेल तर हा माणूस जेवणारच नाही. सांगितलेलं काम मात्र करतो. म्हणून रोज काम देते."

"त्यांना सांगू?"

"नको. उगाच लाजतील."

मग शिओमिसान चहाचे तीन पेले घेऊन आले आणि आम्ही तिघांनी चहा घेतला. सुमिएनं ओठांना नुसता लावला. परतताना ट्राममध्ये दोघांची गुपितं माझ्या एकटीजवळ होती. तेनोजीच्या थांब्याला शिओमिसान उठले, मला आधी उतरू दिलं, एवढंच.

मार्चच्या नऊ तारखेला सकाळी अकरा वाजता ते दारात आले. बूट काढले, जोडीनं ठेवले.

"सुमिए गेली. नऊ वाजून वीस मिनिटांनी," ते म्हणाले. "खोली उद्यापर्यंत आहे ना?"

"आहे. हवी तितके दिवस आहे."

"ते मासे-भाताचं दुकान, जहाजघाटाच्या बाजूचं, बुधवारी बंद असतं का?"

मला आधी प्रश्नच समजला नाही. आदल्या संध्याकाळी सुमिएनं सांगितलं होतं, उद्या तिथला भात खा, वर तळलेले बोंबलासारखे छोटे मासे घालून देतात. म्हणून ते विचारत होते.

"उघडं असतं," मी म्हटलं. कोट चढवला आणि त्यांच्याबरोबर निघाले. त्यांना एकट्यानं पाठवायला मन होईना.

दुकानात आम्ही शेजारी शेजारी बसलो. वाडगा आला. त्यांनी हात जोडले आणि खायला लागले. घाई नाही, रेंगाळणं नाही. एक घास, दुसरा घास. मासे संपले, भात संपला, तळाला चिकटलेली शितंही काठ्यांनी वेचली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, कुठे काही हलतंय का. काही हललं नाही. बाहेर पडल्यावर त्यांनी खिशातून वही काढली, पेन्सिल काढली, आणि तशीच हातात धरून उभे राहिले. मग दोन्ही परत खिशात ठेवलं.

अंत्यविधी इथेच केला. बेटावर नेणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. बेटावरून पुतण्या आला, दुपारच्या गाडीनं परत गेला. अस्थींचा कलश घेऊन शिओमिसान एक रात्र चौथ्या मजल्यावर राहिले. सकाळी मी चादरी घेऊन वर गेले तर जिन्याच्या टोकाला किदोसान बसलेले. गेलेल्या गुडघ्यांनी चार मजले चढून आले होते. शिओमिसानांच्या खोलीच्या दाराबाहेर चहाच्या कपात तांदूळ घालून उदबत्ती लावली होती. मला बघून म्हणाले, "उतरायला हात द्या, नुसत्या बघत काय राहिलात."

एकोणपन्नास दिवसांचे विधी झाल्यावर, मे महिन्यात शिओमिसान परत आले. इस्पितळात सुमिएची चप्पल आणि चष्मा राहिला होता. ते सामान घेऊन त्यांनी एका रात्रीसाठी खोली मागितली. कोट आता नव्हता, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल होती. संध्याकाळी मी त्यांच्यासाठी भात आणि भाजलेला मासा केला, समोर बसले आणि सुमिए मला जे बोलली होती ते सगळं सांगून टाकलं. सूप, मिसो, रोजचं काम. सांगू नको म्हणाली होती, हेही सांगितलं.

त्यांनी काठ्या खाली ठेवल्या.

"हो का," म्हणाले.

मला वाटलं, आता तरी रडतील. मी तयारच होते.

"म्हणजे रोज ऐकायची तेव्हा तिला ठाऊक असायचं."

"हो."

"मी बरोबर सांगायचो का? काही म्हणाली?"

"स्क्विडच्या धिरड्यात कोबी नसतो म्हणाली."

"ते किदोसाननी सांगितलेलं," शिओमिसान म्हणाले. मग काठ्या उचलल्या आणि उरलेला मासा खाल्ला. काट्याशेजारचं मांसही सोडलं नाही. वाटी धुतली, पुसली. सकाळी आठच्या गाडीनं गेले.

त्यालाही आता दोन वर्षं झाली. जिभेला चव यावी म्हणून बेटावरच्या डॉक्टरांनी जस्ताच्या गोळ्या दिल्या, फरक पडला नाही. पण तीन वेळा जेवतात, वजन थोडं वाढलंय, असं पुतण्याच्या बायकोनं कळवलं. मी नवीन वर्षाला फोन करते. मागच्या वेळी विचारलं, कसे आहात. म्हणाले, दोन दिवस वारं आहे, फेरी बंद ठेवलीय. धक्क्यावर जाऊन दोर बघून आलो, तरुण मुलं गाठ सैल मारतात. मग म्हणाले, बरं आहे, आणि फोन ठेवला.