पंधरा नंबरचं भांडण

दुरुस्तीच्या गल्लीत त्याला सगळे पंच म्हणायचे. भांडण माणसांचं असलं की हा गडी काढता पाय घ्यायचा, पण जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातली भांडणं मिटवावीत ती यानेच. त्या यंत्रांत प्रत्येक कार्डाला हाक मारायला एक नंबर लागायचा. दोन कार्डं एकाच नंबरवर आली की झालंच, दोघंही रुसून बसणार. मग पंच चिमट्याने जंपरची तीळभर टोपी एका काडीवरून काढून दुसरीवर बसवायचा आणि म्हणायचा, "नांदा आता सुखाने."

त्याचा नियम कडक होता. आधी डिस्कची नक्कल, मगच स्क्रूला हात. गिऱ्हाईक कितीही बोंबलो, नक्कल झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

आणि सख्ख्या बहिणीच्या घरी मात्र उघडलं. काय म्हणावं या माणसाला!

अक्काचे यजमान रोज सकाळी चहा झाला की कॉम्प्युटरवर आपल्या आठवणी लिहीत बसायचे. अकरा वर्षं लिहिलं. "मी गेल्यावर वाच, आधी वाचलंस तर चुका काढशील," असं म्हणायचे. ते गेले. वर्षभर अक्काला ती फाइल उघडवेना. आणि उघडायचं मनात आलं तोवर तिच्या डोळ्यांनी दगा दिला, पडद्यावर नुसता पांढरा उजेड दिसे. म्हणून तिला वाचून दाखवणारं यंत्र हवं होतं. म्हणजे एक वाचणारा प्रोग्राम आणि एक आवाजाचं कार्ड, बस. पंचाच्या खोक्यात अशी वीस कार्डं पडली होती. तरी हा चार महिने "उद्या येतो" म्हणत राहिला. घरचं काम ना, थांबेल की!

शेवटी गेला तेव्हा अक्का दारातच म्हणाली, "आलास? मला वाटलं, मी बहिरी व्हायची वाट बघतोयस."

ते त्याला लागलं. नक्कल करायला तीन तास गेले असते आणि अक्का तर खुर्ची ओढून शेजारीच बसलेली. त्याने झाकण उघडलं, कार्ड बसवलं, तीन जंपर नीट लावले. चौथा राहिला. त्या कार्डावर सीडी जोडायची एक जास्तीची खाच होती, ती बंद करायचा जंपर. ती खाच पंधरा नंबर धरून बसली होती आणि भावोजींचं लिखाण होतं ती दुसरी डिस्कही पंधरावरच.

यंत्र सुरू झालं. पडद्यावर प्रश्न आला, दुसऱ्या डिस्कवर गडबड दिसते, दुरुस्त करू? हाताच्या सवयीने पंचाने होकाराचं बटण दाबलं.

अहो, गडबड डिस्कवर नव्हतीच! पंधरा नंबरवर खाच आणि डिस्क एकाच वेळी बोलत होत्या आणि त्या गोंगाटाला खरं मानून यंत्र चांगली पानं खोडत सुटलं होतं. कुणाला कुठला नंबर दिला ते लिहून ठेवायला त्याने पेन्सिल उचलली, तेव्हा कळलं, पंधरा दोनदा आला. त्याने वायर उपटली. राहिलेला चौथा जंपर लावून पुन्हा सुरू केलं, पण फाइलची पार माती झाली होती.

चिमटा खाली ठेवल्याचा आवाज अक्काने ऐकला.

"काय रे?"

"अक्का, मी घालवलं. भावोजींचं सगळं. माझ्या हाताने." आणि साठीचा माणूस हमसून हमसून रडायला लागला.

अक्काचा चेहरा पडला. मांडीवरचा पदर तिने मुठीत गच्च धरला. मग म्हणाली, "उरलंय ते लाव."

"काही कळणार नाही गं त्यातलं."

"लाव म्हटलं ना."

कार्ड मात्र खणखणीत बोललं. "फ, फ, सात, टिंब, टिंब, क्ष, पाऊस थांबला तेव्हा ती, नऊ, नऊ, टिंब, ग..."

पंचाने बंद करायला हात पुढे केला. अक्काने अंदाजानेच तो धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "अर्धांगाचा झटका आल्यावर शेवटचे दोन महिने ते असेच बोलायचे. मधेच एखादा शब्द लागायचा. त्यासाठी मी दिवसभर उशाशी बसायची."

"अक्का, मला माफ—"

"तू गप्प बस रे. ऐकू दे मला."