पानिंगच्या नळ्या

पानिंगने उभ्या आयुष्यात उष्टी परीक्षानळी वापरली नाही, आणि तिच्या कामाला घाणेरडं म्हणाला कोण, तर डॉक्टर मॉन्टेसिलो! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

एपिफानिया काबाहुग हे तिचं बाप्तिस्म्याचं नाव, पण त्या नावाने तिला पाद्रीसुद्धा हाक मारत नसे. फिलिपिन्समधल्या सेबू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या संशोधनशाळेत ती एकतीस वर्षं एकच काम करत होती. खोल समुद्रातून आलेल्या स्पंजाचा तुकडा घ्यायचा आणि तीव्र आम्लात उकळायचा. मांस विरघळून जातं आणि तळाशी उरतात स्पंजाच्या काचेच्या काट्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्या चार पाण्यांनी धुवायच्या, काचपट्टीवर पसरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या. बाहेरून निम्मे स्पंज सारखेच ओंगळ दिसतात. कोण कुणाचा, ते काट्यांच्या आकारावरून कळतं. म्हणून पानिंगचा नियम होता, एका नळीत एकच स्पंज. काम झालं की नळी मागच्या दारी दगडावर फोडायची, कारण काचेची काटी एकदा काचेला चिकटली की नळाच्या पाण्याच्या बापाच्यानेही निघत नाही.

"नांग पानिंग, धुऊन वापरा की," शाळेत नव्याने लागलेली मेर्लिता एकदा म्हणाली होती. वडीलधाऱ्या बाईला तिकडे नांग म्हणतात.

"तुझ्या सासूचं ताट धुऊन वापर. ही फुटणार."

या मेर्लितालाच पानिंगच्या जागी तयार करायचं होतं. पानिंगच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते, आणि त्याच वेळी तिचा भाऊ तिबो एक स्पंज घेऊन आला.

तिबो दोनशे वाव खोल पाण्यात गळ सोडणारा माणूस. त्याच्या दोरीला मुठीएवढा तपकिरी गोळा अडकून आला होता. "बघ गं, तुझ्या नवऱ्यासारखा दिसतोय," असं म्हणून त्याने तो टेबलावर ठेवला आणि निघून गेला. पानिंगने कोरी नळी घेतली, तुकडा उकळला, धुतला, आणि काचपट्टी भिंगाखाली सरकवली. मग ती बराच वेळ मान वर करेना.

काट्यांमध्ये बारीक आकडे होते. दोन्ही टोकांना वळलेले, प्रत्येक टोकाला सात नखं. हे आकडे तिने आधी पाहिले होते, आणि कुठे पाहिले होते तेही तिला पक्कं आठवत होतं.

तीन वर्षांपूर्वी तिबोने असाच एक तुकडा आणला होता, नखाएवढा. तो सगळाच आम्लात गेला आणि काट्यांत हेच आकडे निघाले. पानिंग ती नळी फोडायला उठणार, तेवढ्यात शाळेचा प्रमुख, हा डॉक्टर, एका परदेशी पाहुण्याला घेऊन आत आला. पाहुण्यापुढे मिरवायची हौस! त्याने स्वतः बाह्या सरसावल्या, तीच नळी उचलली, नळाखाली धरल्यासारखी केली आणि तिच्यात उथळ पाण्यातल्या साध्या पिवळ्या स्पंजाचा तुकडा उकळला. त्याच्या काचपट्टीवर सात नखांचे आकडे दिसले. डॉक्टर नाचायचाच बाकी होता. वर्षभरात त्याने नवी जात जाहीर केली आणि तिला वडिलांचं आडनाव दिलं. स्वतःचं नाव स्वतः द्यायची त्यांच्यात रीत नाही, म्हणून बापाला पुढे केलं. आडनाव काय, एकच! पानिंगला सगळं कळलं होतं. पण तिबोचा तुकडा उरला नव्हता, बोलायचं कशाच्या जोरावर? ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याची तिला रोज चीड येत राहिली.

आता पुरावा मुठीएवढा होता.

"डॉक, हे बघा. ही खरी नवी जात. ते आकडे याचे आहेत."

डॉक्टरने भिंगातून पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा पडला, आणि मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "पानिंग, हे आकडे माझ्या वडिलांच्या जातीचे आहेत. तुझी नळी घाण होती. वय झालं तुझं, नीट धुतलं जात नाही आता."

"माझी नळी कोरी होती!"

"मग चिमटा घाण असेल, नाहीतर हात. फेकून दे ते."

आणि तेवढ्यावर थांबला असता तर माणूस कसला! संध्याकाळी त्याने तिच्या नोकरीच्या कागदांत शेरा मारला, 'काम अस्वच्छ, नमुन्यांत भेसळ'. एकतीस वर्षांच्या कामावरचा हा शेवटचा शेरा. पानिंगने तो तीनदा वाचला. तिचे कान तापले. मेर्लिता म्हणाली, "सोडा ना नांग, तीन आठवडे तर राहिलेत."

"त्याच तीन आठवड्यांत याला तोंडावर आपटते की नाही बघ."

उकळलेल्या काट्यांवर कुणीही संशय घेऊ शकतो. पण पातळ काप घेतला, लवंगेच्या तेलात पारदर्शक केला, तर काट्या मांसात आपापल्या जागी रोवलेल्या दिसतात. भेसळ कधी मांसात रोवून बसत नाही. पानिंगने तिबोच्या स्पंजाचा काप घेतला. आकडे कातडीखाली ओळीने बसले होते, एकेका छिद्राभोवती.

दुसरा काप घ्यायचा होता तो वडिलांच्या जातीचा. ज्या एका नमुन्यावरून जातीचं वर्णन होतं, त्याची बाटली लाल झाकणाची असते, कुलपात असते, आणि तिला डॉक्टरच्या परवानगीशिवाय हात लावणं म्हणजे चर्चमधल्या वेदीवर मासे साफ करण्याइतकं पाप. किल्ली पानिंगकडे होती. तिने कुलूप उघडलं, कोऱ्या पात्याने तांदळाएवढा तुकडा काढला आणि नोंदवहीत स्वतःच्या हाताने तारीख, माप आणि सही टाकली. चोरून करायचं नाही, हे तिचं ठरलेलं होतं.

शनिवारी सगळे जमतात, आठवड्याचं काम दाखवतात. पानिंगने दोन सूक्ष्मदर्शक शेजारी ठेवले.

"डावीकडे माझ्या भावाचा स्पंज, उजवीकडे डॉकच्या वडिलांचा. आकडे मोजा."

मेर्लिता आधी वाकली. डावीकडे बराच वेळ पाहिलं, उजवीकडे त्याहून जास्त. "उजवीकडे एकही नाही," ती हळूच म्हणाली. मग एकेक जण वाकत गेला आणि कुणीच डॉक्टरकडे बघेना.

"तू लाल झाकण उघडलंस?" डॉक्टर ओरडला. "माझ्या परवानगीशिवाय कापलंस?"

"कापलं. वहीत लिहिलंय. तुमची उष्टी नळी कुठल्या वहीत लिहिलीय, डॉक?"

त्याच दुपारी तिला काढून टाकलं. निवृत्तीला नऊ दिवस होते. शेरा तसाच राहिला, त्याखाली आणखी एक चढला.

पुढच्या वर्षी मेर्लिता छापील प्रबंध घेऊन तिच्या दारात आली. इतक्या जणांनी पाहिलेलं झाकणार कसं? डॉक्टरला वडिलांची जात स्वतःच्या हाताने रद्द करावी लागली होती आणि तिबोचा स्पंज नवी जात म्हणून जाहीर करावा लागला होता. शोध अर्थात त्याचाच. आभार 'स्थानिक कोळ्यांचे'. कापाचं छायाचित्र पानिंगच्याच काचपट्टीचं होतं.

"आणि नाव काय ठेवलंन?"

मेर्लिता प्रबंधाची पानं चाळत राहिली.

"अगं बोल की, तोंडात भात धरलायस का?"

"सॉर्डिडा. लॅटिनमध्ये... घाणेरडी." ती खाली बघत म्हणाली. "आणि नांग, एकदा छापलेलं नाव बदलता येत नाही. कुणालाच. कधीच."

पानिंग वळली. आत गेली, हात साबणाने धुतले, पुसले, पुन्हा धुतले. त्या रात्री ती जेवली नाही. मेला तर बरं, असं तिने डॉक्टरबद्दल मनात म्हटलं आणि रविवारी पाद्रीला तसं सांगितलंही. पाद्री म्हणाला, पश्चात्ताप कर. ती म्हणाली, होत नाही.

दोन वर्षं गेली. मेर्लिता नोकरी सोडून मनिलाला गेली. तिच्यामागून आलेले नळ्या धुऊन वापरत. परदेशी जहाजाने खोल समुद्रातून चाळीस स्पंज काढून शाळेला दिले, आणि एकाचीही काचपट्टी स्वच्छ होईना. सगळ्यांत सगळ्यांच्या काट्या. काम कुठे अडलं म्हणून परदेशातून पत्रांवर पत्रं यायला लागली.

एका सकाळी पानिंग अंगणात मासे साफ करत बसली होती. फाटकाशी डॉक्टर उभा. एका हातात बाटल्यांची पेटी, दुसऱ्या हातात आंब्यांची पिशवी. घामाने सदरा पाठीला चिकटलेला.

"नांग पानिंग, कशा आहात तुम्ही? एवढे चाळीस करून द्याल का? तुमच्यासारखं स्वच्छ काम दुसऱ्या कुणाला..."

त्याने पेटी पुढे केली. पानिंगने सुरी खाली ठेवली नाही. खवल्यांनी भरलेले दोन्ही हात तिने त्याच्यापुढे धरले.

"हे हात घाण आहेत, डॉक. तुम्हीच छापलंयत. आता ते कुणालाच बदलता येत नाही."

आणि ती पुढचा मासा घेऊन बसली. डॉक्टरने पेटी परत काखेत घेतली. आंबे त्याने फाटकावर अडकवले. तो गेल्यावर तिने ते शेजारच्या डुकराला घातले.