वाकलेली रेघ

चेन्नईत अंबत्तूरहून गिंडीला मी रोज शेजारच्या बाईंच्या गाडीतून ऑफिसला जातो. त्या तंजावरच्या मराठी, तमिळ हेल काढून बोलतात. गेल्या महिन्यात त्यांना लांबचं-जवळचं एकाच काचेतून दाखवणारा चष्मा लागला. तेव्हापासून बाजूचा आरसा बघायलाही त्या अख्खं तोंड तिकडे वळवतात. "नाक जिथं, नजर तिथं," म्हणतात.

परवा पूल उतरल्यावर त्यांनी इंडिकेटर देऊन गाडी कडेला घेतली.

"काय झालं?" मी विचारलं.

"रस्त्याची पांढरी रेघ चष्म्याच्या काचेच्या कडेला वाकतीय. ह्या कण्णाडीची सवय होईतो मी चालवणार नाही. तुम्ही घ्या."

तीस वर्षं गाडी चालवलेल्या बाईंनी किल्ली माझ्या हातात ठेवली. आवाजात खंत नव्हती. मलाच संकोच वाटला.

शेजारी बसून त्यांनी चष्मा काढला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"तो पिवळा ढग कसला हो?"

"सोनमोहर फुललाय."

"अय्यो! दरवर्षी फुलतो?"

"दरवर्षी."

ऑफिस येईपर्यंत त्या चष्मा न लावता, मान वळवून बाहेरच बघत राहिल्या.