बंद घराचा वास

पावसाळा संपल्यावर पठारावरच्या आमच्या घराचं दार उघडलं आणि कुबट वासाने मी रुमाल नाकाला लावला.

ओसाड रान विकत घेऊन, झुडपं उपटून, सौर दिवे नि पाण्याची टाकी वर चढवून माझ्या नवऱ्याने, अविनाशने, हे घर उभं केलं. दिवाळीपासून मेपर्यंत इथं राहायचं, पावसाळा शहरात काढायचा. निघताना त्याने खिडक्यांची फट न् फट चिकटपट्टीने बुजवली होती. धुकं आत शिरायला नको म्हणून.

आता गाद्यांवर हिरवट, केसाळ बुरशी चढली होती. उशीला हात लावला तर बोटांना बुळबुळीत लागलं.

"शी! यावर झोपायचं आपण?"

"उन्हात टाकलं की होईल ठीक," अविनाश म्हणाला. पण रुमाल त्याच्याही नाकावर होता.

मी बाहेर पळाले. तोच पाऊस बाहेरही कोसळला होता. तेच धुकं या कातळावर महिनोन् महिने बसून होतं. तरी कातळ धुऊन पुसून ठेवल्यासारखा, आणि गवताला नुसता उन्हाचा वास. एवढ्या अफाट माळावर सडलं होतं ते फक्त आम्ही जपून झाकून ठेवलेलं. बुरशीपेक्षा मला त्या चिकटपट्ट्यांचीच किळस आली.

एवढ्यात अविनाश गादी फरफटत बाहेर आला. ती त्याने त्या स्वच्छ गवतावर आपटली.

"पुढच्या वर्षी," तो म्हणाला, "आणखी घट्ट बंद करू."