विलासनं ठरवलं होतं

दुपारी जेवण झाल्यावर वर्तमानपत्र हळूहळू छातीवर येतं आणि पापण्या जड होतात. आत बायको भांडी लावते आहे. तो आवाज मला ऐकू येतोय, आणि समोरच्या खुर्चीत विलास आरवाडे बसलाय.

विलास माझा शाळेपासूनचा मित्र. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. मिरज रस्त्यावर मोटरसायकल घसरली, डोकं दुभाजकावर आपटलं. बाकी अंगाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

"चहा घेणार?" मी विचारतो.

"नको. मोर्चाला उशीर होईल."

आम्ही उठतो ते थेट कलेक्टर कचेरीसमोर. हेल्मेटसक्तीविरोधी समितीचा मी चिटणीस, माइक माझ्याच हातात. 'आमचं डोकं, आमचा अधिकार!' सगळ्यांची तोंडं उघडतात, मिटतात, पण आवाज कुणाचाच येत नाही. गर्दीच्या कडेला विलास गाडीवर बसलाय. डोक्यावर नवंकोरं निळं हेल्मेट, लेकीनं वाढदिवसाला दिलेलं.

मला पुढचं माहीत आहे. तरी त्या दिवशीचेच शब्द तोंडातून बाहेर पडतात, आवरता येत नाहीत.

"बघा, आपल्यातच एक फितूर! विल्या, हे बायकोनं घातलं की पोलिसानं?"

लोक हसतात. विलासही हसतो. हेल्मेट काढून गाडीच्या आरशाला अडकवतो. त्यानंतर त्यानं ते कधीच घातलं नाही.

आता आम्ही शाळेच्या वर्गात आहोत. पन्नाशीचे दोघं, एका बाकावर. गुडघे मावत नाहीत.

"रागावलास ना?"

"नाही रे. तुझं म्हणणं मला पटलंच होतं. सरकारनं सांगायचं नाही, ज्याचं त्यानं ठरवायचं."

"मग?"

"मी ठरवलं होतं की, दत्ता. पोरीनं हौसेनं आणलेलं, मला घालायचं होतं." तो फळ्याकडे बघत बोलतो. "सरकारला नाही म्हणायला तू होतास. तुला नाही म्हणायला मला जमलं नाही बघ."

"तुझ्या पद्मजानं विचारलं होतं मला. बाबांनी त्या दिवशी हेल्मेट का घातलं नव्हतं, म्हणून."

"काय सांगितलंस?"

"उकडत होतं, म्हणालो."

विलास नुसती मान हलवतो, लहानपणी माझं खोटं पकडल्यावर हलवायचा तशी.

हेल्मेट बाकावरच पडलंय. मी घाईघाईनं ते त्याच्या डोक्यावर चढवतो, हनुवटीखाली पट्टा ओढतो. खटका काही लागत नाही.

"राहू दे, दत्ता," तो हळूच म्हणतो.

"थांब, लागेल. एवढं लावू दे मला."

मी जोर लावतो. खट्‌. खटक्यात माझा अंगठा सापडतो, कळ डोक्यात जाते, आणि मी खुर्चीत ताडकन उठून बसतो.

बायको दारात उभी. "काय झालं हो? कुणाला थांब म्हणत होता?"

मी हात पुढे करतो. अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळलंय, ताजं, आणि नख अजून ठणकतंय.