मायनर म्हणजे किरकोळ

…तर शेजारच्या अंजनीने तो कागद माझ्याच हातात दिला. दुसऱ्या कुणाच्या देणार? उल्हासनगरात कॅम्प चारच्या आमच्या चाळीत इंग्रजी वाचणारा म्हातारा मी एकटा! शिकलो गावच्या शाळेत सातवीपर्यंत, पण चष्मा असा चढवायचो की लोकांना वकील वाटावा. दोन हजार एक साल. अंजनीला चौथा महिना होता, दवाखान्याने रक्त तपासलेलं. मी बोट ठेवून वाचलं, 'थॅलेसेमिया मायनर'. पहिला शब्द तोंडात मावेना, दुसरा ओळखीचा. म्हटलं, "मायनर म्हणजे किरकोळ. जा, भाकऱ्या टाक." खाली आणखी एक ओळ होती. ती मला लागली नाही, म्हणून सोडली.

ती ओळ होती, नवऱ्याचंही रक्त तपासा.

नवरा धम्मदीप, अंबरनाथला कारखान्यात. त्याच्याही रक्तात तेच किरकोळ होतं. पण कळलं केव्हा, तर प्रीती सहा महिन्यांची होऊन पांढरीफटक पडली तेव्हा. आईबापांचं किरकोळ एकत्र येऊन लेकीच्या वाट्याला मोठं आलं. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवायचं. अंजनीने मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. उलट पोर सुईला रडू नये म्हणून मलाच सोबत न्यायची. मी माकडाची गोष्ट सांगायचो, प्रीती हसायची, अंजनी तोंड फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहायची.

ती जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची. बोटं कायम निळी. शेठ सिंधी, भूपेशशेठ. त्यांच्या मुलात आणि सुनेत, जिज्ञासात, हेच मायनर निघालं होतं. पण त्यांना कागद समजावून द्यायला डॉक्टर होता, मी नव्हतो. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात काचेच्या बशीत गर्भ तयार केले, एकेक तपासला, निरोगी तेवढा पोटात ठेवला. बाळाचे पेढे घेऊन जिज्ञासा कारखान्यात आली. "अंजनी, तू भी वहीं करा ले ना!"

"भाभी, पहिले वहाँ का वॉचमन अंदर तो छोडे!" अंजनी म्हणाली. बायका खो खो हसल्या. जिज्ञासाही हसली.

पुढच्याच वर्षी, प्रीती सात वर्षांची असताना, अंजनीला पुन्हा दिवस गेले. तिच्या आवाक्यातली तपासणी एकच, सरकारी दवाखान्यातली, आणि तीही मूल पोटात आल्यावर. तिसऱ्या महिन्यात केली. प्रीतीचंच दुखणं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठेवायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा, पण लवकर.

धम्मदीप माझ्याकडे आला. "नाना, दुसरी प्रीती नाही झेपायची आम्हाला. माझ्याने तिला सांगवत नाही. तुम्ही समजवा."

गेलो. ती नळाला हंडा लावून बसली होती. मी आपलं लांबून सुरू केलं, आमच्या गावी एक बाई होती वगैरे. तिने नळ बंद केला. म्हणाली,

"नाना, समजवू नका, मी उद्या जातेच आहे. जिज्ञासाभाभीने नको होते ते गर्भ बशीतच राहू दिले, तिला कुणी काही बोललं नाही, मीपण नाही बोलत. माझं पोटात आलं. दोन महिने ओकाऱ्या काढल्यात मी त्याच्या. पण प्रीतीला सांगून बसलेय ना मी, भावंड येणार म्हणून. आता ती विचारेल, बाळ माझ्यासारखं होतं म्हणून नको झालं का? तुम्हाला एवढ्या गोष्टी येतात, नाना. तिला काय सांगू, तेवढं सांगा."